रोवणीआधीचे 72 तास

भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीत आशाताईंच्या एका बैठकीत कुत्रा चावल्यावर काय करायचं, हा विषय चालला होता. पावसाळा तोंडावर आलेला, पऱ्हे टाकायची घाई, त्यामुळे निम्म्या जणींचं लक्ष खिडकीबाहेरच्या आभाळाकडे होतं. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा, चुना-मिरची भरू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा, असं मी नेहमीच्या चालीवर सांगत होते. मधल्या रांगेतल्या एका ताईने विचारलं, “मॅडम, कुत्रा चावला तं सुई भेटते. एड्सवाल्याची सुई टोचली, नाही तं तसलं काही झालं, तं त्याले काहून नाही भेटत?” ‘तसलं काही’ म्हणताना तिने मान खाली घातली. दोघी-तिघी हसल्या.

मी म्हटलं, भेटते. सुई नाही, गोळी. 28 दिवस घ्यायची, पण 72 तासांच्या आत सुरू करायची, आणि जितकी लवकर तितकी बरी.

हसू थांबलं. गावातल्या कुणाच्याही आजाराची पहिली खबर ज्यांना लागते अशा या बाया, आणि त्यांच्यात एकीलाही हे ठाऊक नव्हतं. दोष त्यांचा नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायला हवं होतं त्यांच्यात मीही होते. या पुस्तकाची सुरुवात त्या दुपारी झाली.

तिने केलेली तुलना मला अजूनही या विषयाचं सगळ्यात सरळ दार वाटते. रेबीजची लस आपण कुत्रा चावल्यावर घेतो, चावण्याआधी नाही. विषाणू अंगात शिरलेला असू शकतो, पण रोग बसलेला नसतो, आणि तेवढ्या फटीत औषध घालायचं असतं. पाश्चरने 1885 साली हे करून दाखवलं. बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घेतलेली आपली पिढी तर अजून हयात आहे आणि त्याच्या कहाण्या रंगवून सांगते. कुत्रा चावलेल्या माणसाला शेजारी मोटारसायकलवर मधे बसवून साकोलीला नेतात. कुणी त्याला विचारत नाही, की तू त्या कुत्र्याजवळ गेलासच कशाला.

एचआयव्हीच्या बाबतीत पहिला प्रश्न तोच असतो. या पुस्तकात औषधांची नावं, मात्रा आणि तक्ते आहेत, ते गरजेचेच आहेत. पण माझ्या मते गोळी आणि माणूस यांच्यात जे अंतर पडतं, ते बहुतेक वेळा या एका प्रश्नाने पाडलेलं असतं. औषध कधीच तयार झालंय. आपण तयार झालेलो नाही.

आधी दोन शब्दांची ओळख करून घेऊ. धोका घडून गेल्यावर घेतात तो उपचार म्हणजे पोस्ट एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिस, थोडक्यात पेप. धोका घडण्याआधीपासून, लागण नसलेल्या माणसाने घ्यायची ती प्री एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिस, म्हणजे प्रेप. देवनागरीत दोघांत एका रकाराचा फरक, त्यामुळे दवाखान्यात ऐकणाऱ्याची आणि कधी कधी सांगणाऱ्याचीही गल्लत होते. पेप ही तातडीची गोष्ट आहे: सुई टोचली, बलात्कार झाला, कंडोम फाटला. प्रेप ही सवयीची गोष्ट आहे. ज्यांच्या आयुष्यात धोका पुन्हा पुन्हा येतो त्यांच्यासाठी ती आहे. रोग नसताना गोळी घ्यायची, ही कल्पना भंडारा जिल्ह्याला नवी नाही. हत्तीरोगाच्या मोहिमेत धडधाकट माणसांना गोळ्या गिळायला लावतात, तेव्हा ‘मला काय झालंय?’ हा प्रश्न उंबरठ्यावर उभ्या आशाताईला दारोदार ऐकावा लागतो. त्या गोळ्या बऱ्याचदा तोंडाऐवजी खिशात जातात, म्हणून समोर गिळायला लावण्याचा नियम आला. ही खिशातली गोळी लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

आता शरीरात काय होतं ते पाहू. विषाणू आत शिरला म्हणजे लागण झाली, असं नाही. धानाच्या प्रदेशात हे समजावणं सोपं जातं. पऱ्हे एका जागी वाढवतात, मग उपटून बांधीत आणतात आणि चिखलात रोवतात. हातात पेंढी आहे तोवर ती फेकून देता येते. एकदा रोवणी झाली आणि मुळं धरली, की ती बांधी त्या पिकाची. एचआयव्हीचंही तसंच आहे. हा विषाणू आपल्या संरक्षक पेशीत शिरतो, स्वतःच्या आरएनएवरून डीएनएची प्रत तयार करतो, आणि ती प्रत पेशीच्या मूळ डीएनएमध्ये रोवतो. शिरकाव झालेल्या जागेपासून लसिकाग्रंथींपर्यंत आणि तिथून रक्तात सर्वदूर पसरायला त्याला काही दिवस लागतात. पेपच्या गोळीत आपल्याकडे सध्या तीन औषधं एकत्र असतात. टेनोफोविर आणि लॅमिवुडिन प्रत तयार होऊ देत नाहीत, म्हणजे पऱ्हेच वाढू देत नाहीत, आणि डोल्युटेग्रॅविर नेमकी रोवणी अडवतं. एकदा रोवणी होऊन गेली, की हीच औषधं विषाणूला जन्मभर दाबून ठेवू शकतात, पण उपटून काढू शकत नाहीत. उपमा इथवरच पुरते. शेतकरी पीक वाढावं म्हणून धडपडतो आणि आपण नेमकं उलटं करतोय, हे आशाताईंनी मला लगेच ऐकवलं.

72 आणि 28 हे आकडे पंचांगातून आलेले नाहीत. माणसांवर पेपचा काटेकोर प्रयोग करता येत नाही, कारण सुई टोचलेल्या निम्म्या लोकांना मुद्दाम औषधाविना ठेवणं कोणतीही नीती मान्य करणार नाही. म्हणून पुरावा दोन वाटांनी गोळा झाला. पहिली वाट माकडांवरच्या प्रयोगांची. 1995 आणि 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रयोगांत माकडांना त्यांच्यातला एचआयव्हीसारखा विषाणू टोचून नंतर टेनोफोविर दिलं. 24 तासांत सुरू करून 28 दिवस दिलेली माकडं वाचली. सुरुवातीला उशीर केला किंवा दहा दिवसांतच औषध थांबवलं, तेव्हा काहींना लागण झाली. दुसरी वाट दवाखान्यांच्या नोंदींची. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुई टोचून लागण झालेल्या 33 आरोग्य कर्मचाऱ्यांची तुलना लागण न झालेल्यांशी केली गेली. झिडोवुडिन घेतलेल्यांमध्ये लागणीची शक्यता सुमारे 81 टक्क्यांनी कमी दिसली, तीही त्या काळच्या एकाच आणि आजच्या मानाने दुबळ्या औषधाने. त्यामुळे 72 तास ही पुरवून वापरायची मुदत नाही. दार पहिल्या तासापासूनच लोटलं जात असतं, 72 तासांनी त्याला कडी लागते. पहिला डोस दोन तासांत पोटात गेला तर सर्वांत उत्तम.

औषधाने लागण रोखण्याच्या या इतिहासातलं एक पान पुण्यात लिहिलं गेलं, आणि ते मराठी वाचकांना फारसं माहीत नाही. 1994 साली अमेरिका आणि फ्रान्समधल्या एका चाचणीत गरोदर बाईला, बाळंतपणाच्या वेळी आणि नंतर बाळाला झिडोवुडिन दिलं, तेव्हा बाळाला होणारी लागण सुमारे दोन तृतीयांशाने घटली. नंतर नेव्हिरापिनची एकच मात्रा आईला आणि एक बाळाला, असा स्वस्त मार्ग निघाला. पण एक अवघड प्रश्न उरला: अंगावरचं दूध. दूध पाजलं तर लागणीची भीती, नाही पाजलं तर हगवण आणि कुपोषणाने बाळ जाण्याची भीती. आपल्या घरांमध्ये त्यात आणखी एक भीती असते. सून बाळाला अंगावर का पाजत नाही, हे सासू विचारतेच. पुण्यातल्या ससून रुग्णालयाशी जोडलेल्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात, तसंच इथिओपिया आणि युगांडात, असा अभ्यास झाला की बाळाला सहा आठवडे रोज नेव्हिरापिन पाजत राहिलं तर काय होतं. निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांच्या वयात लागण जवळजवळ निम्म्यावर आली होती, सहा महिन्यांपर्यंत मात्र तो फायदा बराच ओसरला. जितके दिवस दूध, तितके दिवस संरक्षण, हा धडा त्यातून मिळाला. धोका समोर असताना, लागण नसलेल्या माणसाला रोज औषध देऊन जपणं म्हणजे प्रेपच. प्रेप हा शब्द बातम्यांत यायच्या आधी ससूनच्या आवारात काही तान्ही मुलं ती ड्रॉपरने घेत होती.

मोठ्यांच्या प्रेपचा प्रवास यापेक्षा वादग्रस्त ठरला. प्रागमधल्या अँतोनिन होली या रसायनशास्त्रज्ञाने घडवलेल्या रेणूंच्या घराण्यातलं टेनोफोविर 2001 साली अमेरिकेत गोळीच्या रूपात मंजूर झालं. दिवसातून एकदा घ्यायची, बऱ्यापैकी सोसणारी गोळी हाती आल्यावर, निरोगी माणसाने ती घेतली तर, हा विचार पुढे येणारच होता. पण त्याची चाचणी करायला गेलेल्यांना कंबोडियात आणि कॅमेरूनमध्ये विरोध झाला. कंबोडियातल्या शरीरविक्रय करणाऱ्या बायांचा प्रश्न साधा होता: प्रयोगात आम्हाला काही झालं, तर पुढे आमचं कोण बघणार? 2004 साली तिथली चाचणी सुरू होण्याआधीच गुंडाळावी लागली. मला तो विरोध अडाणीपणाचा वाटत नाही. ज्यांच्या अंगावर विज्ञान पुढे सरकणार होतं त्यांनी हिशेब मागितला, एवढंच.

2010 साली आयप्रेक्स चाचणीचे निष्कर्ष आले. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया मिळून 2,499 जण त्यात होते. टेनोफोविर-एमट्रिसिटाबिनची रोजची गोळी ज्या गटाला दिली, त्यात लागण 44 टक्क्यांनी कमी झाली. आकडा जेमतेम वाटतो. पण ज्यांच्या रक्तात औषध प्रत्यक्ष सापडलं त्यांच्यात संरक्षण 90 टक्क्यांच्या वर होतं. केनिया आणि युगांडातल्या, एका जोडीदाराला लागण आणि दुसऱ्याला नाही अशा जोडप्यांमध्येही औषधाने चांगलं काम केलं. अमेरिकेने 2012 साली प्रेपला मंजुरी दिली, 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने धोक्याचं प्रमाण मोठं असलेल्या सगळ्यांसाठी तिची शिफारस केली.

आणि मग खिशातली गोळी. आफ्रिकेतल्या तरुण स्त्रियांवरच्या व्हॉइस नावाच्या चाचणीत उरलेल्या गोळ्या मोजल्या, तेव्हा जवळजवळ 90 टक्के गोळ्या घेतल्याचं दिसत होतं. रक्त तपासलं तेव्हा औषध 30 टक्क्यांच्या आसपास, काही गटांत त्याहूनही कमी. चाचणी फसली. पुढे त्या स्त्रियांशी बसून बोलल्यावर कारणं बाहेर आली, आणि त्यातलं एक मला एकोडीतल्या कुठल्याही घरातून आल्यासारखं वाटतं: गोळीची बाटली घरात कुणी पाहिली तर हिलाच तो रोग आहे असं समजतील. रोगापासून वाचवणारी गोळी रोगाचाच शिक्का मारते, म्हणून ती गिळली गेली नाही.

याच्या अगदी उलट अनुभव कोलकात्याच्या सोनागाछीत आणि म्हैसूरमध्ये आला. तिथे शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या स्वतःच्या संघटनांनी, दरबार आणि अशोदया समितीने, प्रेपचे पथदर्शी प्रकल्प चालवले, आणि बायांनी गोळ्या नेटाने घेतल्या. गोळी तीच होती, देणारा हात आपला होता. महाराष्ट्राला हे नवं वाटायला नको. 1990च्या दशकात सांगलीत मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ने आणि पुढे वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने कंडोमच्या बाबतीत नेमकं हेच दाखवलं होतं. वस्तीवर पोलिसी धाक घालून किंवा भाषणं देऊन जे होत नव्हतं, ते तिथल्या बायांनी एकमेकींना सांगून केलं. औषधाचा जमाना आल्यावर हा धडा जुना झाला असं समजणं ही या क्षेत्रातली सर्वांत महागडी चूक आहे.

पेप आणि प्रेप या दोन्हींपलीकडे एक तिसरी वाट आहे, आणि तिचंही एक टोक पुण्यात आहे. ज्याला लागण आहे त्याच्यावरच नीट उपचार केले, तर त्याच्याकडून पुढे लागण जाईल का? भोसरीतल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने भाग घेतलेल्या एचपीटीएन 052 या बहुदेशीय चाचणीत एकाला लागण असलेली 1,763 जोडपी होती. 2011 साली कळलं, की लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते. पुढच्या अभ्यासांनी ही गोष्ट आणखी पक्की केली. नियमित औषधाने रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. माझ्या ओपीडीत या एका वाक्याने जितकी लग्नं वाचली तितकी दुसऱ्या कशानेही नाही.

हे सगळं परवडतं का, असं विचारणाऱ्यांना 2001 सालाची आठवण करून द्यावीशी वाटते. तेव्हा एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांना दहा हजार डॉलरच्या वर खर्च येई. मुंबईच्या सिप्लाचे युसूफ हमीद यांनी तीच तीन औषधं वर्षाला 350 डॉलरला देऊ केली आणि बाजार हादरला. 1 एप्रिल 2004 पासून भारत सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, सुरू केली, पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. आता पुन्हा तशाच वळणावर आपण आहोत. सहा महिन्यांतून एकदा टोचायच्या लेनाकापाविर या इंजेक्शनच्या चाचणीचे निष्कर्ष 2024 साली आले. आफ्रिकेतल्या ज्या 2,134 मुली आणि बायांना ते दिलं, त्यांच्यात एकीलाही लागण झाली नाही. जून 2025 मध्ये अमेरिकेने त्याला प्रतिबंधासाठी मंजुरी दिली, जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. स्वस्त आवृत्ती बनवण्याचे परवाने मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअर आहे, हैदराबादच्या हेटेरो आणि डॉ. रेड्डीज आहेत, आणि 2027 पासून वर्षाला 40 डॉलरच्या आसपास ते देण्याची घोषणाही झाली आहे. गोळीपेक्षा सुईवर आपल्या माणसाचा जीव जास्त. डॉक्टरने सुई लावली नाही तर फी वाया गेली असं मानणाऱ्या मुलखात हे औषध चालेल, शिवाय घरात बाटली राहत नाही. मी इतकी उतावीळ सहसा होत नाही, पण इथे झाले आहे.

प्रेपवरचा जुना आक्षेप मात्र टिकून आहे: असं औषध दिलं तर लोक मोकाट सुटतील. मराठी माणसाने हे वाक्य शंभर वर्षांपूर्वी ऐकलंय. 1921 साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा, आणि ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवताना तर आयुष्यभर, त्यांच्यावर हाच आरोप झाला. अश्लीलतेचे खटले झाले, एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. आज माला-डीच्या पाकिटाकडे पाहून कुणाला संस्कृती बुडताना दिसत नाही. तरी आक्षेपात एक कण खरा आहे, तो झटकून चालणार नाही. प्रेप फक्त एचआयव्ही रोखते. गरमी, परमा, गर्भधारणा यांना ती अडवत नाही, म्हणून कंडोम सुटत नाही. सुरू करण्याआधी एचआयव्हीची तपासणी लागते आणि मूत्रपिंडाची स्थिती पाहावी लागते. काविळीचा बी विषाणू अंगात असेल तर गोळी मनाने थांबवणं यकृताला महागात पडू शकतं. मेडिकलमधून परस्पर आणून मित्राच्या सांगण्यावरून खायची ही गोळी नाही.

देशात सुमारे 25 लाख लोक एचआयव्हीसह जगताहेत आणि राज्यांमध्ये सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. पण या क्षेत्राचा नकाशा काढायला बसलं की मुंबई, पुणे, सांगली आणि नागपूरच्या गंगा-जमुना वस्तीवर बोटं टेकतात, पूर्व विदर्भ कोरा राहतो. एकोडीसारख्या गावाचा संबंध काय, असं मला एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारलं होतं. साकोलीवरून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो, त्यावर ट्रक रात्रंदिवस चालतात, धान कापून झाल्यावर गावातली तरुण पोरं कामाला बाहेर पडतात, बाळंतपणं होतात, सुया टोचल्या जातात. एवढा संबंध पुरे आहे.

एक प्रसंग लिहायचा की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. फार वर्षांपूर्वी, ज्या दवाखान्यात मी होते तिथे रात्री दोनच्या सुमाराला एका बाळंतपणात, टाके घालून झाल्यावर, सिस्टरला सुई टोचली. वापरलेल्या सुईला परत टोपण घालायचं नसतं हे तिला पाठ होतं, पण दिवे गेलेले, बाळ रडत नव्हतं, तिसरा हात नव्हता. बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असल्याचं तिला ठाऊक होतं. तिने बोट दाबदाबून रक्त काढलं, वर स्पिरिट ओतलं. दोन्ही गोष्टी करायच्या नसतात. साबण आणि वाहतं पाणी एवढंच पुरतं, बोट पिळल्याने आणि जंतुनाशक ओतल्याने जखम उलट चिघळू शकते. मग ती गप्प बसली. सकाळी नाही, दुपारी नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, मी निघताना, माझ्या स्कूटरशी येऊन उभी राहिली. हाताचं बोट पदरात गुंडाळलेलं. हिशेब केला तर आठ-नऊ तास उरले होते. आम्ही गोळी मिळवली, त्याची कथा वेगळी आहे. सुई टोचून एचआयव्ही होण्याचा धोका हजारात तीन इतका असतो हे मी तिला सांगितलं. काविळीच्या बी विषाणूचा त्याहून कितीतरी मोठा असतो आणि त्याची लस तिने घेतलेली होती, हेही सांगितलं. 28 दिवस तिला मळमळायचं. ती निगेटिव्ह राहिली.

त्यात माझी चूक अशी, की दुसऱ्या दिवशी मी रजिस्टरमध्ये तिचं पूर्ण नाव, कारणासकट, माझ्या टापटीप अक्षरात लिहिलं आणि ते रजिस्टर टेबलावर ठेवलं. आठवड्याभरात शिपायापासून स्वयंपाकघरापर्यंत सगळ्यांना माहीत. तिच्या हातचा चहा प्यायचा की नाही यावर कुजबुज झाली. ती का गप्प बसली होती, ते मला तेव्हा समजलं, आणि तिची भीती खरी ठरवणारी मी होते. 2017 सालचा एचआयव्ही कायदा, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला, अशी माहिती संमतीशिवाय उघड करायला मनाई करतो, आणि कामावर धोका पत्करणाऱ्यांना सुरक्षित साधनं आणि पेप पुरवण्याची जबाबदारी संस्थेवर टाकतो. कायदा आला तेव्हा मी ते कलम दोनदा वाचलं.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत हा गप्पपणा शंभर पटींनी वाढतो. आधी पोलीस, मग पंच, मग तपासणी, मग नमुने, आणि गोळीचं नाव सगळ्यांत शेवटी, अशी उतरंड अजून अनेकांच्या डोक्यात आहे. कायदा उलटं सांगतो. सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही रुग्णालयाने अशा व्यक्तीवर तत्काळ आणि मोफत उपचार करायचे आहेत, आणि आरोग्य मंत्रालयाच्या 2014 सालच्या मार्गदर्शक सूचनांत एचआयव्ही प्रतिबंधाचा उपचारही आहे. एफआयआर होवो न होवो, घड्याळ चालूच असतं.

आता या पुस्तकाविषयी. ते डॉक्टरांसाठी नाही, त्यांच्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, म्हणजे नॅकोची, मार्गदर्शिका आहे. ते आशाताई, परिचारिका, समुपदेशक, शिक्षक, ट्रकमालक, आणि रात्री अकराला दार लावून एकट्याने वाचणारा कुणीतरी, यांच्यासाठी आहे. लिहिणारे एका मताचे नाहीत. प्रेप सरकारी दवाखान्यात सर्वांना खुली असावी असं म्हणणारा लेख यात आहे, आणि ज्या जिल्ह्यात पेपच वेळेवर पोचत नाही तिथे प्रेपच्या गप्पा कशाला, असं विचारणाराही आहे. मी स्वतः दुसऱ्या मताकडे झुकत होते, लेनाकापाविरने मला थोडं सरकवलं आहे. समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांनी स्वतःबद्दल लिहिलेली पानं आम्ही त्यांच्या शब्दांत ठेवली, भाषा ‘सुधारली’ नाही. भिंतीवरच्या कवट्यांची आणि ‘एड्सला औषध नाही’ या पाट्यांची जी पिढी आहे, तिला काही पानं खटकतील. खटकू द्या.

शेवटी एक तक्ता आहे, कोरा. त्यात वाचणाऱ्याने आपल्या हाताने भरायचं: जवळचं आयसीटीसी (तपासणी आणि समुपदेशन केंद्र), एआरटी केंद्र, फोन, जायला गाडी कोणती, आणि रात्री कोण. 1097 हा मोफत हेल्पलाइनचा क्रमांक तेवढा आम्ही छापला, बाकी छापलेलं वर्षभरात शिळं होतं. कच्ची प्रत घेऊन मी पुन्हा एकोडीला गेले, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या त्याच ताईने पेन मागून घेतलं. साकोली लिहिलं, लाखनीवरून कारधाच्या पुलापलीकडे भंडारा लिहिलं, गाड्यांच्या वेळा शेजारणीला विचारून भरल्या. ‘रात्री कोण’ या रकान्यापाशी थांबली, टोपण लावून पेन मला परत दिलं, आणि म्हणाली, “हे तुमी भरा.”